लखोट्यातली लाख

वडिलांना एकदा जमिनीचे कागद मुंबईच्या वकिलाकडे विमा उतरवून पाठवायचे होते. कापडी पाकीट शिवून झालं, दोरा आवळला आणि ते मेणबत्तीवर लाखेची कांडी धरून बसले. कांडीचं टोक आधी घाम फुटल्यासारखं चकाकलं, मग फुगलं आणि एकदम पेटलं. पेटलेली लाख फुंकून विझवायची आणि काजळी धरायच्या आत थेंब गाठीवर पाडायचा, एवढंच काम. पण पहिले दोन थेंब काळेच पडले. तिसरा लालभडक उतरला. वडिलांनी खिशातल्या चार आण्यांना थुंकी लावली आणि नाणं त्यावर दाबलं. थुंकी लावली नाही तर गरम लाख धातूला धरते आणि ठसा उपटून वर येतो. ठसा छान उमटला.

पोस्टात मास्तरांनी पाकीट उलटंपालटं केलं आणि परत सरकवलं. "अण्णा, नाणं चालत नाही. नाणं सगळ्यांच्याच खिशात असतं. वाटेत कुणी फोडलं आणि दुसरं नाणं दाबलं, तर मी ओळखायचं कसं? स्वतःची खूण आणा."

वडील चरफडत घरी आले. आजीने ट्रंकेच्या तळातून आजोबांची अंगठी काढून दिली. तिच्यावर 'ग' कोरलेला होता, उलटा. नवा दोरा, नवी लाख आणि गाठीगाठीवर एकेक सुलटा 'ग'. पाकीट पोचलं. मला मात्र त्या दिवशी एका शब्दाचा उलगडा झाला. आपण सगळे 'लखोटा' म्हणतो. जुन्या मराठीत तो 'लाखोटा' होता. लाख लावून बंद केलेलं पत्र तो लाखोटा. लिफाफा अरबी-फारसीतून आला, पाकीट इंग्रजीतून आलं, लखोटा थेट झाडाच्या फांदीवरून आला. युरोपातले राजे, सावकार आणि हेर ज्या वस्तूने तीनशे वर्षं आपली पत्रं बंद करत होते, तिला त्यांनी नाव दिलं 'स्पॅनिश मेण'. ती स्पॅनिश नव्हती आणि मेणही नव्हती. खरं नाव आपल्या शब्दात राहिलं आहे.

या गोष्टीची छापील सुरुवात गोव्यात सापडते.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. धर्मांतरित ज्यू घराण्यातला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले होते, आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. म्हणजे आजच्या कोट भागातल्या नारळ-आंब्यांचा हा एके काळचा मालक. १५६३ च्या एप्रिलात त्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ गोव्याच्या छापखान्यातून बाहेर पडला. छपाई इतकी गचाळ, की शुद्धिपत्रालाच कितीतरी पानं लागली. मजकूर मात्र अस्सल. रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तरं देतो, आणि हिंग, आंबा, भांग, वेलदोडे, हिरे असे विषय एकामागून एक निघत जातात. एक संवाद लाखेवर आहे.

लाख हा डिंक आहे की आणखी काही, यावर तेव्हा युरोपातल्या पंडितांचा घोळ चालला होता. ओर्ताने चौकशा करून सांगितलं, की पंख असलेल्या मुंग्या झाडाच्या फांद्यांवर लाख तयार करतात, मधमाश्यांनी मध करावा तशी. मुंग्यांच्या बाबतीत तो चुकला. कीटकाच्या बाबतीत बरोबर होता. उत्तम लाख ब्रह्मदेशातल्या पेगूहून येते, हेही त्याने नोंदवलं. आणि जाता जाता सांगून टाकलं, की पत्रं बंद करायच्या कांड्या याच लाखेच्या करतात.

ते एक वाक्य पुढे फार मोलाचं ठरलं. अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या गटिंगेनचा प्राध्यापक योहान बेकमान निरनिराळ्या शोधांचा इतिहास लिहीत होता. शाईपासून घड्याळापर्यंत प्रत्येक वस्तूचा पहिला उल्लेख कुठे सापडतो, हे हुडकणं त्याचा नाद. लाखेच्या कांडीचा शोध घेता घेता त्याने ढीगभर पुस्तकं उपसली, आणि त्याला मिळालेला सर्वांत जुना छापील उल्लेख कुणाचा निघाला, तर ओर्ताचा. व्हेनिस, पॅरिस, ॲन्टवर्प या छापखान्यांच्या माहेरघरांना मागे टाकून हा मान गोव्यातल्या एका चुकांनी भरलेल्या पुस्तकाकडे आला. ते युरोपभर पोचलं ते वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने १५६७ साली केलेल्या लॅटिन संक्षेपामुळे.

ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली. हे लाखेच्या गोष्टीत सांगायलाच हवं होतं असं नाही. पण त्याचं नाव घेतलं आणि हे गाळलं, तर बरं वाटत नाही.

आता ती 'मुंगी' जवळून पाहू. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर तांबूस ठिपक्यांएवढी पिल्लं रांगत येतात, जागा धरतात, सोंड सालीत खुपसतात आणि रस ओढू लागतात. मादी एकदा बसली ती बसलीच. पुन्हा जागची हलत नाही. अंगातून पाझरणाऱ्या राळेने ती स्वतःला कोंडून घेते. शेजारणीही तेच करतात. हळूहळू सगळी फांदी खडबडीत लाल-तपकिरी कवचाखाली जाते. या कीटकाचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा नीट केलं ते १७८१ साली जेम्स केर याने. त्याच्या नावावरूनच तो 'केरिया लाक्का' झाला. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीकडे आजही लाख घेतात; मोठं उत्पादन झारखंड-छत्तीसगडकडचं.

फांदीवरून खरवडलेली लाख कुटून धुतात, तेव्हा लाल रंग पाण्यात उतरतो. तोच अळता. उरलेले दाणे लांबच लांब कापडी पिशवीत भरून निखाऱ्यांच्या भट्टीसमोर धरतात आणि पिशवीला पीळ देतात. कापडातून वितळलेली लाख मधासारखी पाझरते. ती गरम असतानाच ताणून पातळ पापुद्रा करायची, आणि ताणायला दोन हात पुरत नाहीत म्हणून कारागीर पाय लावतो, दातांतही धरतो. त्या पापुद्र्याचे तुकडे म्हणजे चपडा. सुताराकडे स्पिरिटमध्ये विरघळताना तुम्ही तो पाहिला असेल. आपल्या आजोबांच्या ग्रामोफोनवर बालगंधर्व गायले, त्या तबकड्यांतही तोच होता.

युरोपात लाख येण्याआधी मोहोर उठवत ती मधमाशीच्या मेणावर. राजाची बशीएवढी मुद्रा मेणात उठवून दोरीने सनदेला लटकवत. सनदेला ते शोभत होतं, पत्राला गैरसोयीचं. मेण मऊ. उन्हात बसतं, बोटाने दबतं, आणि गरम पात्याने हलकेच खालून सोडवलं तर ठसा न मोडता उचलताही येतं. लाखेचं उलट आहे. ती बोटाला कडक लागते, आणि वाकवली तर वाकत नाही, तडकते. आणि तडकली की ते लपत नाही. टपालाला नेमका हाच अवगुण हवा होता.

बेकमानच्या ग्रंथात नोंदलेलं असं सर्वांत जुनं पत्र लंडनहून ३ ऑगस्ट १५५४ रोजी एका हस्तकाने आपल्या जर्मन सरदाराला धाडलेलं. त्यावरचा थर गडद लाल आणि चकचकीत. म्हणजे ओर्ताचं पुस्तक निघायच्या आधीच कांडी पश्चिमेला पोचली होती. कुणी नेली? गोवा आणि लिस्बन यांच्यामध्ये दरवर्षी गलबतं ये-जा करत होती. मिरीच्या पोत्यांमागून लाख गेली असावी. पोर्तुगीज भाषेत आजही पत्रावर लावायच्या लाखेला 'लाक्रे' म्हणतात. जर्मन नावातही शेवटी 'लाक' आहेच. म्हणजे लोकांच्या तोंडी आपली लाख राहिली, पण बाजाराने पाटी लावली 'स्पॅनिश मेण', बहुधा इबेरियातून आलेला माल त्यांच्या लेखी स्पॅनिशच म्हणून.

पाटी एकदा लागली की नकली माल यायला वेळ लागत नाही. १५७९ साली आउग्सबुर्गच्या सामुएल त्सिमरमानने छापलेली 'स्पॅनिश मेणा'ची कृती वाचली तर हसू येतं. तीत पांढरी राळ आहे, हिंगूळ आहे, आणि लाखेचा पत्ताच नाही! आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कांड्यांचा पूर्वज हाच. राळेची कांडी दिसायला लाल, भावाला हलकी. पण उन्हात चिकट होते आणि ठसा पसरतो.

पॅरिसची दंतकथा आणखी रंगतदार आहे. रूसो नावाचा एक व्यापारी इराण-हिंदुस्थान हिंडून गेलेला. सन १६४० च्या सुमारास घर आगीत गेलं, बायकामुलं उघड्यावर आली. तेव्हा त्याला हिंदुस्थानात पाहिलेली लाखेची करामत आठवली. त्याने कांड्या केल्या, लाँगव्हील घराण्यातल्या एका मानिनीने त्या दरबारात दाखवल्या, राजा तेराव्या लुईने वापरल्या, आणि वर्ष संपायच्या आत रूसोने पन्नास हजार लिव्र कमावले. त्याचे पाठीराखे त्याला या वस्तूचा जनक म्हणत. बेकमानने १५५४ चं पत्र पुढे करून तो दावा निकालात काढला. माझं मत विचाराल तर रूसोचा गुन्हा फार नाही. परदेशात पाहिलेलं आणून घरी विकणं हा जगातला जुना धंदा आहे. पण जनक तो नव्हे.

लाख तडकते म्हणून पत्र सुरक्षित, असं समजणाऱ्यांचे डोळे १५८६ साली इंग्लंडात उघडले. म्हणजे, ज्यांचे उघडायला हवे होते त्यांचे उघडेपर्यंत उशीर झाला. स्कॉटलंडची राणी मेरी चार्टलीच्या वाड्यात नजरकैदेत होती. तिची गुप्त पत्रं बिअरच्या पिंपाच्या बुचात दडवून आत-बाहेर जात. पिंप आणणारा ब्रुअर इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिचा मंत्री वॉल्सिंगहॅम याला फितूर होता. पत्र बाहेर आलं की सांकेतिक लिपी उलगडायला टॉमस फेलिप्स, आणि मोहोर काढून पुन्हा जशीच्या तशी बसवायला आर्थर ग्रेगरी. ग्रेगरीचं कौशल्य एवढं, की पत्र मिळणाऱ्याला वाटेत काही घडल्याची शंकाही येत नसे. एलिझाबेथच्या खुनाचा कट रचणाऱ्यांना मेरीने १७ जुलैला दिलेलं उत्तर उलगडल्यावर फेलिप्सने त्यावर फाशीच्या खांबाचं चित्र काढून ते वॉल्सिंगहॅमकडे धाडलं. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी मेरीचं डोकं उडालं.

मराठी वाचकाला इथे 'ध'चा 'मा' आठवणारच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याला मारलं. रघुनाथरावाच्या चिठ्ठीतल्या 'धरावे'चं आनंदीबाईने 'मारावे' केलं, ही कथा मागाहून रूढ झाली आणि तिला भक्कम कागदाचा आधार नाही. पण कथा म्हणून पाहिली तरी तिच्यात एक खोच आहे. तिथे कुणी शत्रू वाटेत टपलेला नव्हता, पत्र मोहोरेपर्यंत पोचायच्या आधीच घरात बदललं. लाख वाटेवर राखण करते, घरात नाही.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. मराठ्यांचा 'शिक्का' लाखेचा नव्हता, शाईचा होता. पत्राच्या माथ्यावर मुख्य शिक्का, मजकूर संपला की खाली मोर्तब. शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी संस्कृत मुद्रेखालचं 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब म्हणजे पत्राची मर्यादा इथे संपली, याखाली कुणी ओळ घुसडू नये. पेशव्यांच्या मोर्तबात 'लेखनसीमा', अर्थ तोच. लांब कागद चिकटवून केलेला असेल तर मागच्या बाजूला सांध्यावर शिक्का मारायचा, म्हणजे मधलं पान बदललं की शिक्का जुळणार नाही. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव, मग 'हर्षनिधान' अमुक मुख्य प्रधान. शिक्कामोर्तब हा शब्द आज आपण मंत्रिमंडळाच्या निर्णयापासून सोयरिकीपर्यंत कशालाही वापरतो; त्याचं मूळ काम पत्राच्या दोन टोकांना पहारा बसवणं.

लाख लागायची ती पत्राच्या बाहेर. संस्थानिक आणि गव्हर्नर-जनरल यांच्यात चालणाऱ्या खलित्याचा थाट पाहावा: सोनेरी वर्ख शिंपडलेला कागद, तो मलमलच्या पिशवीत, ती किनखाबाच्या थैलीत, थैलीच्या तोंडाला रेशमी गोफ, आणि गोफाला लोंबणारी लाखेची जाडजूड मुद्रा. पत्रात काय लिहिलं आहे याच्याआधी कोणी लिहिलं आहे हे हातात पडताच कळावं, अशी सगळी रचना.

झाशीच्या गंगाधररावांनी २१ नोव्हेंबर १८५३ रोजी प्राण सोडला, त्याच्या आदल्या दिवशी दामोदररावाला दत्तक घेऊन ब्रिटिश अधिकारी मेजर एलिसच्या हाती असाच खलिता दिला. लक्ष्मीबाईंनी ३ डिसेंबरला आणि पुन्हा १६ फेब्रुवारी १८५४ ला गव्हर्नर-जनरल डलहौसीकडे खलिते धाडले. जुन्या तहांचे दाखले देऊन, मुद्देसूद. डलहौसीने २७ फेब्रुवारीला टिपण लिहून दत्तक नामंजूर केला. मोहोर शाबूत, थैली शाबूत, राज्य गेलं.

त्याच डलहौसीने त्याच वर्षी लाखेचंही राज्य घालवलं. आपल्या टपालाचा इतिहास लिहिणारे या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवतात. मला त्या एकत्र दिसतात.

इंग्लंडात १८४० पर्यंत टपालाचा आकार पानांवर आणि अंतरावर असे. लखोटा वापरला तर तो आणखी एक पान धरला जाई, पैसे दुप्पट. म्हणून लोक पत्राचाच कागद घडी घालून आतल्या आत बंद करत आणि कडेवर लाख ठोकत. रोलंड हिलची पेनी-टपालाची योजना १० जानेवारी १८४० पासून लागू झाली, आकार वजनावर आला आणि पाकीट परवडू लागलं. मग पाकिटं घडवणारी यंत्रं आली, कडेला डिंक आला. जिभेने ओला केला की काम झालं. मेणबत्ती नको, मुद्रा नको.

हिंदुस्थानात मधेच एक गंमत घडली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि तिथला कमिशनर होता बार्टल फ्रेअर. हा आधी साताऱ्याला रेसिडेंट होता. डलहौसीने सातारचं राज्य खालसा केलं तेव्हा त्याला ते पटलं नव्हतं, तरी तिथला कारभार त्यानेच पाहिला. पुढे मुंबईचा गव्हर्नर होऊन किल्ल्याचे तट पाडणाराही हाच. फ्रेअरने १ जुलै १८५२ रोजी आशियातलं पहिलं टपाल तिकीट काढलं. त्यावर 'सिंध डिस्ट्रिक्ट डाक' ही अक्षरं, ईस्ट इंडिया कंपनीची खूण, किंमत अर्धा आणा. आणि पहिली खेप चक्क पत्रबंदीच्या लाल टिकलीवर ठसा उठवून काढलेली. म्हणजे तिकीट म्हणून पत्रावर पुन्हा मोहोरच! पण लाल टिकली ठिसूळ. हाताळताना तडे जात, तुकडे पडत. पत्र फोडल्याचं दाखवून द्यायला जो गुण हवा होता, तोच तिकिटाला मारक ठरला. मग पांढऱ्या आणि निळ्या कागदी खेपा निघाल्या. लाल खेपेतली फार थोडी तिकिटं आज शिल्लक आहेत आणि संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात.

१ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर आला: पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते मुंबईहून ठाण्याला जावो की कलकत्त्याला. फ्रेअरची तिकिटं बंद झाली. सामान्य माणसाचं पत्र डिंकावर गेलं.

लाख उरली ती जिथे डिंकावर विश्वास नाही तिथे. पोलिसांच्या मुद्देमालाच्या पुडक्यावर, विम्याच्या पाकिटावर, मतमोजणीपर्यंत कुलूपबंद ठेवलेल्या खोलीच्या दारावर. सरकारी जाहिरातीत 'मोहोरबंद लखोट्यातून निविदा मागविण्यात येत आहेत' हे वाक्य कालपरवापर्यंत छापून येई. आता निविदा संगणकावर भरतात.

तुमच्या घरात जुनी ट्रंक असेल आणि तिच्यात लाख लागलेला एखादा लखोटा निघाला, तर कृपा करून ती लाख नखाने खरवडू नका. आत काय आहे हे पाहायची घाई असेल तर कागद कडेने कापा. मोहोर तिरप्या उजेडात धरा, अक्षरं वाचा, फोटो काढून ठेवा. कोरलेला शिक्का कधीच हरवलेला असतो. पुष्कळदा त्या माणसाची खूण तेवढ्या एका थेंबावरच उरलेली असते. आमच्या आजोबांची अंगठी पुढे मोडीत गेली. 'ग' उमटलेलं पाकीट वकिलाने परत पाठवलं होतं, ते माझ्याकडे आहे.